डेस्कटॉप प्रोग्रामला स्वयंचलित अपडेट कसे जोडावे

लातूर, परभणी, नांदेड येथील मोंढ्यांतल्या आडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी एक तत्त्व सुरुवातीलाच ठरवून घ्यावे: अपडेट उतरवून घेण्याचे काम प्रोग्रामने पाठीमागे मुकाट्याने करावे, पण ते बसवण्याची वेळ मात्र दुकानदाराने ठरवावी. सोयाबीनची आवक जोरात असताना आणि माल विकलेला शेतकरी पट्टीसाठी समोर उभा असताना पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, थांबा’ असे येणे हा दोघांवरही अन्याय आहे.

सर्व्हरवर एक छोटी माहिती-फाइल ठेवावी. तिच्यात ताज्या व्हर्जनचा क्रमांक, डाउनलोडचा पत्ता, अपडेट फाइलचा आकार आणि तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला, तिची ओळख पटवणारा ठसा) असावा. प्रोग्रामने दिवसातून एकदा ही फाइल एचटीटीपीएसने वाचावी, आणि नेट नसेल तर कोणताही संदेश न देता आपले काम चालू ठेवावे. व्हर्जनची तुलना अक्षरांनी करू नये, कारण तशी केल्यास १.१० हे १.९ पेक्षा जुने ठरते. टिंबांमधले आकडे सुटे करून एकेक ताडून पाहावेत.

आपल्याकडे अनेक दुकानांत नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते आणि वीज केव्हाही जाते, त्यामुळे अर्धवट राहिलेले डाउनलोड तिथूनच पुढे सुरू होणे अत्यावश्यक आहे. त्यासाठी फाइल तात्पुरत्या नावाने साठवावी आणि पुढच्या वेळी रेंज हेडर (फाइलचा कुठून पुढचा भाग हवा हे सर्व्हरला सांगणारी ओळ) पाठवून फक्त उरलेला भाग मागावा. सर्व्हरने २०६ (म्हणजे फक्त मागितलेला भाग) हे उत्तर दिले तरच तो भाग आधीच्या तुकड्याला जोडावा. २०० आले तर सर्व्हर पूर्ण फाइल पाठवत आहे असे समजून पहिल्यापासून लिहावे, नाहीतर दोन तुकड्यांची निकामी फाइल तयार होते. विंडोजमधील बिट्स ही पाठीमागे डाउनलोड करणारी सेवा असे पुढे चालू ठेवण्याचे काम स्वतःच करते आणि इतर कामांतून उरलेली बँडविड्थ वापरते, म्हणून शक्य असेल तिथे तीच वापरणे मला अधिक योग्य वाटते.

सर्वांत जास्त काळजी पडताळणीची घ्यावी. हॅशमुळे फाइल वाटेत बिघडली का एवढेच कळते. सर्व्हरच कोणाच्या हाती गेला, तर तो मनुष्य फाइल आणि हॅश दोन्ही बदलू शकतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेट यंत्रणेतूनच पसरला होता. म्हणून माहिती-फाइलवर एड२५५१९ सारख्या पद्धतीची डिजिटल सही असावी, सही तपासणारी सार्वजनिक किल्ली प्रोग्राममध्येच असावी आणि सही करणारी खासगी किल्ली सर्व्हरवर कधीही ठेवू नये. सही जुळली नाही तर फाइल पुसून टाकावी. ‘तरीही पुढे जा’ असे बटण देऊ नये. सही बरोबर असूनही व्हर्जन जुने असेल, तरी ते नाकारावे.

चालू असलेली प्रोग्राम-फाइल विंडोज बदलू देत नाही, म्हणून वेगळा छोटा अपडेटर लागतो. मुख्य प्रोग्राम बंद झाल्यावर या अपडेटरने डेटाबेसचा बॅकअप घ्यावा, जुने फोल्डर बाजूला ठेवून नवे बसवावे, आणि नवा प्रोग्राम नीट सुरू झाला नाही तर जुने फोल्डर व बॅकअप दोन्ही परत आणावेत. ज्या दुकानात दोन-तीन संगणक एकाच डेटाबेसवर चालतात, तिथे सर्वांवर एकाच वेळी एकच व्हर्जन असले पाहिजे. नाहीतर एकाने बदललेला तक्ता दुसऱ्याला वाचता येत नाही. मुख्य संगणकाने एकदाच डाउनलोड करून बाकीच्यांना फाइल दिली, तर मोबाइल डेटाची बचतही होते.

हे सगळे स्वतःच लिहिण्याआधी मॅकसाठी स्पार्कल, विंडोजसाठी विनस्पार्कल, इलेक्ट्रॉनसाठी (वेब तंत्राने डेस्कटॉप प्रोग्राम बनवण्याची चौकट) इलेक्ट्रॉन-अपडेटर आणि डॉट नेटसाठी वेलोपॅक ही अपडेटची तयार साधने अवश्य पाहावीत. चाचणी घेताना डाउनलोडच्या मध्येच नेट तोडावे, बसवण्याच्या मध्येच वीज बंद करावी, आणि नवे व्हर्जन आधी एका ओळखीच्या दुकानात काही दिवस चालवून मगच सर्वांसाठी खुले करावे.