ऑडॅसिटी सोर्समधून बांधताना: मराठी मेनू स्वतः दुरुस्त करायचा असेल तर

ख्यालाच्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवायच्या एवढेच काम असेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रण-संपादनाच्या प्रोग्रामची तयार आवृत्ती पुरेशी आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत अशा कॅसेटी कपाटभर निघतात आणि त्यांच्यासाठी हा खटाटोप कुणी करू नये. पण मेनूतले मराठी शब्द खटकत असतील आणि ते बदलून लगेच पडद्यावर बघायचे असतील, तर सोर्समधून बांधणी, म्हणजे मूळ कोडवरून प्रोग्राम स्वतः तयार करणे, उपयोगी पडते. पुढची कृती उबंटू २४.०४ या लिनक्स प्रणालीसाठी आहे. कमांडची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपी.

किमान ८ जीबी रॅम आणि १५ जीबी रिकामी जागा ठेवा. ॲप्ट या उबंटूच्या पॅकेज-साधनाने बिल्ड-इसेन्शियल, सीमेक (बांधणीची आखणी करणारे), गिट (सोर्स उतरवणारे), गेटटेक्स्ट, पायपीएक्स, लिबजीटीके२.०-डेव्ह, लिबअसाउंड२-डेव्ह, लिबजॅक-जॅकडी२-डेव्ह आणि यूयूआयडी-डेव्ह ही पॅकेजेस घ्या. यातले गेटटेक्स्ट हमखास राहते. ते नसले की भाषांतराच्या फायली तयारच होत नाहीत, आणि प्रोग्राम मात्र मुकाट इंग्रजीत उघडतो.

कोनन हे लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रामला लागणारा इतरांचा तयार कोड, आणून देणारे साधन पायपीएक्सने बसवा. पिप या पायथॉनच्या साध्या साधनाने बसवायला गेलात तर उबंटू नकार देतो, कारण सिस्टमच्या पायथॉनमध्ये ढवळाढवळ त्याला चालत नाही. 'पायपीएक्स एन्शुअरपाथ' चालवून टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर कोनन बसलेले असूनही सापडत नाही.

बऱ्याच बांधण्या आवृत्त्यांच्या घोळात अडकतात. कोननची दुसरी आवृत्ती (कोनन २) फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. त्याआधीचा ऑडॅसिटी सोर्स कोनन १ साठी लिहिलेला आहे आणि कोनन २ बरोबर कोलमडतो. सीमेकही ॲप्टचेच वापरा. पिपने घेतल्यास सीमेक ४ येण्याची शक्यता असते, ३.५ च्या आधीच्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या बांधणी-फायली त्याला मान्य नाहीत, आणि जुन्या लायब्रऱ्यांपैकी एखादी तिथेच अडते. ऑडॅसिटीच्या कोडच्या मुख्य शाखेवर रोज काहीतरी बदलते आणि चौथी आवृत्ती तर खिडक्या-मेनू दाखवणारी डब्ल्यूएक्सविजेट्स लायब्ररी सोडून क्यूटीवर जाते आहे. म्हणून गिट क्लोनने सोर्सची प्रत उतरवून ३.७ मालिकेतला प्रसिद्ध झालेला टॅग (त्या आवृत्तीची खूण) चेकआउट करा, म्हणजे निवडा, आणि त्या टॅगमधलीच 'बिल्डिंग' नावाची फाइल वाचा.

फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे नकोत. सोर्सच्या शेजारी 'बिल्ड' हे वेगळे फोल्डर करा. त्यात जाऊन सीमेकला सोर्सचा मार्ग द्या आणि सीमेक_बिल्ड_टाइप हा पर्याय रिलीज ठेवा. पर्यायाचे नाव मोठ्या अक्षरांत. या पायरीत कोनन बरेच काही उतरवते आणि काही लायब्रऱ्या तुमच्याच यंत्रावर कंपाइल करते, म्हणजे कोडवरून तयार करते. नेट मध्येच तुटले तर तीच कमांड पुन्हा द्या, आलेले पॅकेज टिकून असते. साधनाची आवृत्ती बदलली असेल तर मात्र बिल्ड फोल्डर पूर्ण पुसा. सीमेकची जुनी कॅशे धरून बसलात तर चूक दुरुस्त होऊनही तोच त्रुटी-संदेश येत राहतो.

आता प्रत्यक्ष बांधणी करणारी 'मेक' कमांड, सोबत 'डॅश जे २', म्हणजे एका वेळी दोनच कामे. सगळे कोअर एकदम लावायचा मोह ८ जीबीच्या यंत्रावर महागात पडतो: रॅम संपते, लिनक्स कंपायलरला मारतो आणि संदेशात फक्त 'किल्ड' दिसते. तो कोडमधला दोष नव्हे. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून वेग उतरतो, त्यामुळे हे काम पहाटे लावलेले बरे. वीज गेलीच तर मेक पुन्हा चालवा, झालेल्या फायली ते परत करत नाही. नेमक्या त्या क्षणी लिहिली जाणारी फाइल अर्धवट राहिली असेल तर लिंक करताना तक्रार येते. तेवढी एक पुसून पुढे जा.

तयार प्रोग्राम 'रिलीज' फोल्डरमधल्या 'बिन'मध्ये मिळतो. उघडण्याआधी तिथेच 'पोर्टेबल सेटिंग्ज' नावाचे फोल्डर करा. या नावात मोकळी जागा आहे, म्हणून अवतरणचिन्हांत लिहा. ते असले की आधी बसवलेल्या ऑडॅसिटीच्या सेटिंग्जना धक्का लागत नाही. मग प्राधान्यांमध्ये इंटरफेसखाली भाषा मराठी करा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर देवनागरी फाँट नाही. लोहित किंवा नोटो बसवा.

मराठी मजकूर 'लोकेल' फोल्डरमधल्या 'एमआर डॉट पीओ' फाइलमध्ये आहे. 'एमएसजीआयडी' ही मूळ ओळ तशीच ठेवून 'एमएसजीएसटीआर'मध्ये मराठी लिहा. पोएडिट या भाषांतराच्या प्रोग्राममध्ये हे सोपे जाते. ओळीत टक्क्याचे चिन्ह आणि एस दिसले तर तिथे प्रोग्राम फाइलचे नाव किंवा आकडा भरतो, ते गाळू नका. अँपरसँड (&) हे चिन्ह पुढचे अक्षर कीबोर्ड शॉर्टकटचे असल्याचे सांगते. ते देवनागरी अक्षराच्या आधी ठेवले तर इंग्रजी कीबोर्डवर दाबता येत नाही, म्हणून शब्दानंतर कंसात रोमन अक्षर द्यावे. जतन करून गेटटेक्स्टमधले 'एमएसजीएफएमटी' डॅश डॅश चेकसह चालवा, गळलेली टक्क्याची चिन्हे ते ओळ क्रमांकासह दाखवते. त्यानंतर पुन्हा मेक. या वेळी तासभर लागत नाही, कारण सी प्लस प्लसच्या फायलींना हातच लागलेला नसतो.

आवाजाची चाचणी म्हणून ४४० हर्ट्झचा सूर तयार करून वेव्हमध्ये निर्यात करा आणि परत उघडा. कॅसेट घ्यायची असेल तर माइकच्या नव्हे, लाइन-इनच्या खाचेत केबल लावा. माइकची खाच बहुधा मोनो असते आणि टेपचा आवाज तिथे फाटतो. ३२-बिट फ्लोट, स्टिरिओ, ४४,१०० हर्ट्झवर तासाभराचे ध्वनिमुद्रण सुमारे १.२७ जीबी जागा घेते.