बास गिटारवर क्लीन आणि डिस्टॉर्शन एकत्र वाजवण्याआधी

केबल, ट्यूनर, नव्या बॅटऱ्या हे सांगायला नको. आधी फेज तपासा, म्हणजे दोन्ही सुरांच्या लहरी एकाच वेळी वर-खाली होतात का ते. मागच्या वेळी माझं नेमकं तेवढंच राहिलं. घरी क्लीन (बासचा मूळ साफ सूर) वेगळं ऐकलं, फझ (डिस्टॉर्शनचाच एक प्रकार) वेगळा ऐकला, दोन्ही झकास. स्टेजवर एकत्र केले आणि खर्जच गायब. ड्रमर माझ्याकडे बघतोय, मी अँपचा बास वाढवतोय, उपयोग शून्य.

ट्रान्झिस्टरची साधी पायरी लहर उलटी करते. अशा पायऱ्या विषम असल्या की पेडलमधून सूर क्लीनच्या उलटा बाहेर पडतो आणि मिसळल्यावर दोघे एकमेकांचा खर्ज खातात. उरते ती वरची करकर. म्हणून मोकळी ई तार (४१ हर्ट्झ) वाजवत ब्लेंड (दोन्हींचं प्रमाण ठरवणारा नॉब) क्लीनकडून डिस्टॉर्शनकडे सावकाश फिरवा. मधेच खर्ज बुडाला आणि पुढे परत आला, तर फेज उलटी आहे. ब्लेंडरवर (दोन्ही सूर मिसळणाऱ्या पेडलवर) फेजचं बटण असेल तर दाबा, नसेल तर दुसरं पेडल लावून बघा. पेडल बदललं? पुन्हा तपासा. हो, पुन्हा.

सिग्नल दोन वाटांनी न्यायला बॉस कंपनीचं एलएस-२ पेडल चालतं, ए+बी मिक्स मोडवर. त्यावर फेजचं बटण नाही, तेव्हा वरचा परिच्छेद परत वाचा. वाय केबलने सिग्नल फोडणं एकवेळ खपेल. तिनेच दोन आउटपुट जोडू नका, दोन्ही पेडलं एकमेकांवर लोड टाकतात. डिस्टॉर्शनच्याच पेडलवर ब्लेंड नॉब असेल तर हा खटाटोप नको.

डिस्टॉर्शनच्या वाटेवर २०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा, खाली फक्त क्लीन राहू दे. गिटारचं ट्यूब स्क्रीमर पेडल हे थोडंफार आपणच करतं, ७२० हर्ट्झखाली त्याचा गेन घटत जातो. कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं पेडल) क्लीनवर, डिस्टॉर्शन आधीच दबलेलं असतं. एकाच वाटेवर डिजिटल पेडल असेल तर सांभाळा: २ मिलिसेकंद उशीर झाला तरी २५० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि तो फेजच्या बटणाने भरत नाही.

लेव्हल हेडफोनवर नाही, ड्रमसोबत लावा. पॉवर सप्लाय एकमेकांपासून अलग (आयसोलेटेड) आउटपुटचा, नाहीतर गुणगुण. डीआय (सिग्नल थेट मिक्सरला देणारा डबा) ब्लेंडच्या नंतर. कॅबसमोर (अँपच्या स्पीकरसमोर) माइकही लावणार असतील तर साउंडवाल्याला डीआय आणि माइकची फेज बघायला सांगा. तो "बघतो" म्हणेल. त्याच्याशेजारी उभे राहा.