गालातला करंट : दाढ काढायच्या आधी हे वाचा

पहाटे साडेचारला दुधाचे कॅन गाडीला अडकवायचे आणि खानापूर रोडनं बेळगावात रतीब घालायला यायचं, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. चार वर्षांमागं मार्गशीर्षातल्या थंडीत उजव्या गालाला वारं लागलं आणि वरच्या दाढेपासून डोळ्याखालपर्यंत सण्णकन करंट गेला. गाडी कडेला घेईपर्यंत कळ गेलीसुद्धा. आई म्हणाली, वारं बाधलंय, मफलर बांध. मफलर गालाला टेकला की परत करंट.

मग दाढेवर संशय गेला. एक काढली, कळ होती तशीच. मग शेजारची. तिचा एक्सरे काढला होता, त्यात कीडबीड काही नव्हती, तरी काढली. मीच हट्टाला पेटलो होतो हेही खरं, पण डॉक्टरांनी तरी नको म्हणायचं होतं. दोन धडधाकट दाढा गेल्या आणि दुखणं राहिलं.

म्हणून सांगतो, एक्सरेत दाढ चांगली दिसत असेल तर काढून घेऊ नका. किडलेली दाढ ठणकत राहते, रात्रभर झोपू देत नाही. हे दुखणं विजेसारखं येतं, काही सेकंद, फार तर दोन मिनिटं, आणि मधल्या वेळात बहुतेकदा काहीच नसतं. दात घासताना, दाढी करताना, घास चावताना, कधी नुसतं बोलताना येतं, आणि जवळजवळ नेहमी एकाच बाजूला. ह्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. मेंदूतनं निघणाऱ्या पाचव्या नसेच्या तीन फांद्या कपाळ, गाल आणि जबड्याला जातात. बऱ्याच जणांत मुळाशी एखादी रक्तवाहिनी ह्या नसेला टेकून घासते आणि वरचं आवरण झिजतं. मोटारसायकलची वायर फ्रेमला घासून उघडी पडली की कशी ठिणगी मारते, तसंच.

दाखवायचं न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरला. निदान मुख्यतः तुमच्या सांगण्यावर होतं, म्हणून तयारीनं जा. मी रतीबाच्या वहीतच, अर्धा लिटर–एक लिटरच्या रकान्याशेजारी, कळ आली की उभी रेघ मारायचो आणि पुढं ‘वारं’, ‘चहा’, ‘ब्रश’ असं लिहायचो. पंधरा दिवसांची ती पानं डॉक्टरांनी उलटून पाहिली आणि गालाला हात लावायच्या आधीच नाव सांगितलं. आपल्याकडं नर्स कन्नडमधनं विचारते, ‘एल्लि नोवु?’ म्हणजे कुठं दुखतंय, तेव्हा गडबडू नका. ‘गल्लदाग, करंट होडदंग आगतैति’, म्हणजे गालात करंट बसल्यागत होतंय, एवढं सांगितलं तरी पुरतं.

एमआरआय करायला सांगतात, तो कराच. गाठ किंवा दुसरा आजार नाही ना, हे त्यात बघतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ही तपासणी महाग. बीपीएल कार्डवाल्यांनी सरकारी दवाखान्यात आयुष्मान–आरोग्य कर्नाटक ह्या सरकारी योजनेचं आधी विचारून घ्यावं. रेफरलचा कागद लागतो, तो न घेता थेट खाजगीत गेलं की हेलपाटे पडतात.

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा ह्यावर उपयोग होत नाही, मी पोटाची आग होईस्तोवर खाऊन बघितल्यात. लागू पडते ती कार्बामाझेपिन, फिट्सवरची गोळी. थोड्यापासून सुरू करून डॉक्टर हळूहळू वाढवतात. पहिला आठवडा मला दारू प्यायल्यागत झालं. झोप, चक्कर, पाय इकडं तर डोकं तिकडं. त्या आठवड्यात गाडी भावाच्या पोरानं चालवली. तुम्हीही चालवू नका. अंगावर पुरळ आलं किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, हे अंगावर काढायचं काम नव्हे. रक्तातलं सोडियम अधनंमधनं तपासतात. दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंच सोबत न्या. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. मधे तीन महिने कळ आली नाही, मी मनानंच सोडली, आषाढातल्या पावसात भर रस्त्यात परत आली.

गोळ्या पुरेनात किंवा सोसेनात तर न्यूरोसर्जनचा सल्ला घ्या. कानामागनं उघडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. गालातनं सुई घालून नस शेकायचीही पद्धत आहे, पण तिच्यानंतर गाल बधिर राहू शकतो. मला अजून गरज पडलेली नाही.

गाल सतत बधिर राहतो, ऐकू कमी येतं, दोन्ही बाजूंनी दुखतं किंवा वय चाळिशीच्या आत आहे, असं असेल तर तपासणी लांबवू नका. अचानक डोकं फुटल्यागत दुखलं किंवा हातपाय लुळे पडले तर ते दुखणंच वेगळं, थेट इमर्जन्सीत जा.

मी आता पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घालतो, एक नंबर मोठं, गालाला न टेकणारं. चहा कोमट करून बशीतनं डाव्या बाजूनं. भाकरी दुधात कुस्करून, आमच्याकडं दुधाला काय तोटा! गोळ्या आठ दिवसांच्या उरल्या की नव्या आणतो. गणपतीत तर आधीच, कारण विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते आणि त्या गर्दीत मेडिकल शोधत फिरणं माझ्याच्यानं होत नाही.