लंडनचं विमान आणि रत्नागिरीचं घड्याळ: या चुका टाळा

आमच्या काकांनी मुलाकडे लंडनला जायचं तिकीट महिनाभर देवघराच्या फडताळात जपून ठेवलं होतं. त्यावर १५ तारीख, वेळ ००:४०. काका १५ ला दुपारी जेवून रत्नागिरीहून निघाले आणि रात्री दहाला मुंबई विमानतळावर हजर! विमान आदल्या रात्रीच गेलेलं. मध्यरात्री बारा वाजले की तारीख बदलते, हे कॅलेंडरला कळतं, आपल्या अंगाला कळत नाही. ००:४० चं विमान असेल तर घरातून १४ लाच निघायचं.

दुसरी चूक वजाबाकीची. काकांच्या तिकिटावर लंडनला पोचायची वेळ ०५:४० होती. ‘पाचच तास? दुबईसारखंच की!’ असं शेजारी म्हणाले. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे खरा प्रवास साडेदहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचारच राहतो. फोन करतानाही हे लक्षात ठेवा, सूनबाईंची झोप वाचेल. परत येताना हाच फरक (साडेपाच किंवा साडेचार तास) वजा करायचा. तो प्रवास बहुधा तास-दीड तासाने कमी भरतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात.

अंतराला वेगाने भागून वेळ काढणारेही पुष्कळ. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, विमान ताशी ९००, मग आठ तास! पण हे अंतर सरळ धाग्याचं. धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं-उतरणं, समोरचा वारा, बंद हवाई हद्दीला घातलेला वळसा यांचा हिशेब त्यात नसतो.

सरळ म्हणजे तरी काय? शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क रेघ मारू नका. एक नारळ घ्या, दोन ठिपके काढा, सुतळी ताणून बघा. हीच सुतळी पृथ्वीवर ताणली तर नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जाते. पडद्यावर विमान उत्तरेला चाललेलं दिसलं म्हणून वैमानिक वाट चुकला असं समजू नका.

मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटं असली तर पहिलं विमान लेट झाल्यावर दुसरं सहसा थांबत नाही, आणि बॅगाही बऱ्याचदा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात.

राहता राहिला आपला घाट. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश चालतात, दरड आली तर विचारूच नका. महामार्गाचं काय सांगावं! जून ते ऑक्टोबर मी एक दिवस आधीच निघतो आणि ठाण्याला मावशीकडे मुक्काम करतो. सावंतवाडीकरांनी मात्र आधी गोव्यातल्या मोपा विमानतळाहून काही जमतंय का ते बघावं.