टाचण्या, चहा, कॉफी: जुनी अमेरिकन पत्रं घरखर्चाच्या बाजूने कशी वाचायची

अबिगेल ॲडम्स बाईंचं 31 मार्च 1776 चं पत्र बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, नवीन कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका असं नवऱ्याला, जॉन ॲडम्सना (पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले ते) सांगणारं. पण त्याच पत्रात पुढे त्या काय लिहितात ते फार कमी लोक वाचतात. जॉननी विचारलेलं असतं की तू सोरा करून बघतेयस का (बंदुकीच्या दारूला लागतो तो), त्यावर बाई म्हणतात अजून हात घातला नाही, साबण करून झाला की बघते, सध्या घरच्यांसाठी कपडे करण्यातच सगळा जीव जातोय नाहीतर सगळे उघडे पडतील. मला तर ही ओळ त्या प्रसिद्ध ओळीइतकीच मोलाची वाटते, कारण नवरा फिलाडेल्फियात काँग्रेसमध्ये (म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत) बसलेला आणि इकडे मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावात शेत, मुलं, साबण, कपडे, उधारी सगळं एका बाईच्या अंगावर, हे तिथेच कळतं.

तर ही पत्रं मिळतात कुठे? फाउंडर्स ऑनलाइन नावाची वेबसाइट आहे, अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजची, 2013 पासून सुरू, पूर्ण फुकट, लॉगिन वगैरे काही नाही. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन यांची 1 लाख 80 हजारांहून जास्त कागदपत्रं तिथे टाइप केलेल्या स्वरूपात आहेत, तळटीपांसकट. लेखक, कोणाला लिहिलं, तारीख असे फिल्टर लावता येतात. ॲडम्स नवरा-बायकोच्या मूळ पत्रांचे फोटो बघायचे असतील तर मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर जा, दोघांनी एकमेकांना लिहिलेली 1100 हून जास्त पत्रं आहेत आणि नवख्या माणसाने यांच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. वॉशिंग्टननी लंडनच्या व्यापाऱ्याला पाठवलेल्या याद्या पण छान आहेत पण त्या याद्याच, त्यात माणसं बोलत नाहीत.

सर्च करताना एक लक्षात ठेवा, त्या काळी स्पेलिंग पक्कं नव्हतं. कॅनिस्टरमध्ये दोन एन, डॉलरमध्ये ए च्या जागी ओ, असं सर्रास. फ्रँकलिनच्या बायकोची, डेबोराची पत्रं तर जशी बोलायची तशी लिहिलेली, मोठ्याने वाचली की कळतात, नुसत्या डोळ्यांनी नाही. म्हणून एकाच शब्दावर अडून बसू नका, दोन-तीन प्रकारे टाकून बघा. आणि पाककृतीला तेव्हा 'रिसीट' म्हणायचे, पावती समजून पुढे जाऊ नका.

आता खरं काम. एकदम सगळं वाचायला जाऊ नका, एक वस्तू धरा आणि तिच्या मागे जा. मी टाचण्यांपासून सुरुवात केली होती. 16 जून 1775 ला अबिगेल बाई लिहितात की माझं एक काम करा, टाचण्यांचा एक गठ्ठा विकत घेऊन ट्रंकेत टाका, इथे टाचण्यांसाठी नुसती ओरड चाललीय, जो माल 7.6 ला मिळायचा तो आता 20 शिलिंगला, आणि तेवढ्यालाही मिळत नाही. गठ्ठ्यात 6000 टाचण्या असतात हेही सांगतात. इथे थांबा आणि वहीत लिहा. 7.6 म्हणजे सात पूर्णांक सहा दशांश नाही, 7 शिलिंग 6 पेन्स. 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगचा पौंड. म्हणजे भाव अडीच पटीच्या वर गेला. का गेला? टाचण्या इंग्लंडहून यायच्या, तो व्यापार बंद पडला होता आणि बोस्टन बंदरालाही ब्रिटिशांनी टाळं लावलेलं. आणि 6000 कशाला लागतात असं वाटेल तर तेव्हा बायकांचे कपडे बऱ्याच ठिकाणी टाचण्यांनीच अंगावर बसवायचे. आता तारीख परत बघा. दुसऱ्याच दिवशी, 17 जूनला, बोस्टनजवळ ब्रिटिश आणि बंडखोर यांच्यात बंकर हिलची लढाई झाली, आणि त्यांचं पुढचं पत्र तोफांच्या आवाजाबद्दल आणि मेलेल्या मित्राबद्दल आहे. दोन पत्रं लागोपाठ वाचा, पोटात कालवतं.

पैशाचा हिशोब नीट जमवणं सगळ्यात महत्त्वाचं कारण इथेच लोक चुकतात. शिलिंग सगळीकडे सारखा नव्हता. स्पॅनिश चांदीचा डॉलर सगळीकडे चालायचा, तो धरून तुलना करा: मॅसॅच्युसेट्सच्या 'लॉफुल मनी'त (तिथल्या सरकारमान्य हिशोबात) 1 डॉलर म्हणजे 6 शिलिंग, पेनसिल्व्हेनियात साडेसात शिलिंग (7 शिलिंग 6 पेन्स), आणि इंग्लंडच्या स्टर्लिंगमध्ये साडेचार. म्हणजे फिलाडेल्फियातून जॉननी आकडा लिहिला तर आधी बघायचं कुठल्या शिलिंगमध्ये लिहिलाय. शिवाय 1776 नंतर कागदी नोटांचा भाव घसरत गेला, मार्च 1780 मध्ये तर काँग्रेसनेच 40 कागदी डॉलर बरोबर 1 चांदीचा असं ठरवून टाकलं, म्हणून 1777 नंतरचा कुठलाही भाव दिसला की चांदीत का कागदात हे शेजारी लिहून ठेवायची सवय लावा. मी एक्सेलमध्ये पाच रकाने केलेत, तारीख, गाव, वस्तू, लिहिलेला भाव, डॉलरमध्ये किती, आणि एवढ्यानेच सगळं चित्र दिसायला लागतं.

मापांचं पण तसंच, आपल्याकडच्या पायली-खंडीसारखं गाव आणि माल बघून अर्थ लावावा लागतो. गॅलन साधारण 3.8 लिटर, बुशेल 35 लिटर, हंड्रेडवेट म्हणजे नावाप्रमाणे 100 नाही तर 112 पौंड, जवळपास 51 किलो. हॉग्सहेड हे मोठं पिंप, वाइन असेल तर 63 गॅलन, तंबाखू असेल तर साधारण 1000 पौंड, म्हणजे नुसता हॉग्सहेड वाचून काहीच कळत नाही, आत काय आहे ते बघा.

शब्दांमध्ये आपल्या लोकांना सगळ्यात जास्त फसवणारा शब्द म्हणजे 'इंडियन'. इंडियन कॉर्न म्हणजे मका, इंडियन मील म्हणजे मक्याचं पीठ, भारताचा काही संबंध नाही. फ्रँकलिन लंडनला राहायचे तेव्हा त्यांची बायको फिलाडेल्फियाहून त्यांना हे पीठ पाठवायची, आणि 1766 मध्ये लंडनच्या एका पेपरात कोणीतरी मक्याला नावं ठेवली तर फ्रँकलिननी टोपणनावाने उत्तर दिलं की विस्तवावरून उतरवलेली गरम मक्याची भाकरी तुमच्या यॉर्कशायर मफिनपेक्षा सरस आहे. परदेशात राहून घरच्या पिठासाठी जीव टाकणारा माणूस आपल्याला लगेच समजतो. खरा भारत दिसतो तो कपड्यात, कॅलिको म्हणजे कालिकतचं कापड, चिंट्झ म्हणजे आपली छीट, बंदाना म्हणजे बांधणीच. चहात बोही म्हणजे काळा, हायसन म्हणजे हिरवा. आणि तारखेत 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' म्हणजे गेला महिना.

यानंतर पुढची पायरी, पत्र कधी एकटं वाचू नका, उत्तर शोधून शेजारी ठेवा. याचं माझं आवडतं उदाहरण चहाचं. जॉन ॲडम्सनी 1774 मध्येच लिहिलं होतं की प्रवासात एका घरी थकून पोचलो, विचारलं कर न भरता प्रामाणिकपणे चोरून आणलेला चहा असेल तर मिळेल का, घरच्या बाई म्हणाल्या नाही, आम्ही चहा सोडलाय, कॉफी करून देते (ब्रिटिशांच्या करामुळे चहावर बहिष्कार होता). पुढे 1776 च्या उन्हाळ्यात अबिगेल मुलांना घेऊन बोस्टनमध्ये, देवी टोचून घेतलेल्या, अंगात ताकद नाही. जॉननी फिलाडेल्फियाहून काँग्रेसमधले सहकारी एल्ब्रिज गेरी यांच्या हाती एक पौंड हिरवा चहा पाठवला, आणि गेरींनी तो दिला सॅम्युअल ॲडम्सच्या (जॉनचे चुलतभाऊ, तेही काँग्रेसमध्ये) बायकोला! 5 सप्टेंबरला हे कळल्यावर जॉन चिडून लिहितात, दुसरा डबा पाठवतोय, पहिला मागवून घे, फार महाग आहे, पौंडाला 40 शिलिंग लॉफुल मनी. आपल्या हिशोबाने साडेसहा डॉलरच्या वर. आता अबिगेल बाईंचं उत्तर काढा. त्या म्हणतात मी सॅम्युअलच्या बायकोकडे गेले होते, उत्तम हिरवा चहा पाजला, कुठून मिळाला विचारलं तर म्हणाल्या माझ्या प्रियकराने (म्हणजे नवऱ्यानेच) गेरींबरोबर पाठवला, मी काही बोलले नाही, मनात म्हटलं माझ्या प्रियकरालाही एवढं सुचलं असतं तर, मी तर आजारी. आणि शेवटी, उरलेला मागवते पण अर्धा संपलाच असणार, सढळ हाताने वापरत होते. म्हणजे बाई स्वतःचाच चहा पाहुणी म्हणून पिऊन आल्या. नुसतं जॉनचं पत्र वाचलं असतं तर हे हातातून गेलं असतं.

एकदा भावांची वही जमली की मोठ्या घटना आपोआप उलगडतात. जुलै 1777 च्या शेवटी अबिगेल लिहितात की बोस्टनमध्ये एका श्रीमंत, चिकट व्यापाऱ्याने कॉफीचा हॉग्सहेड दाबून ठेवला होता, पौंडाला 6 शिलिंगच्या खाली देईना. शंभरेक बायका गाडी घेऊन गोदामावर गेल्या, किल्ल्या मागितल्या, देईना तेव्हा एकीने मानेला धरून त्याला गाडीत टाकला, किल्ल्या घेतल्या, त्याला गाडीतून ओतून दिला, आणि कॉफी स्वतः उचलून घेऊन गेल्या, पुरुष मंडळी गप्प उभी राहून बघत होती. आता 6 शिलिंग लॉफुल मनी म्हणजे किती, हे तुम्हाला माहितीये.

अजून एक गोष्ट कराच. पत्रात जेवणाचं वर्णन आलं की ते रांधलं कोणी हे विचारा. वॉशिंग्टन आणि जेफरसनच्या घरी स्वयंपाकघर गुलामांच्या हाती होतं आणि मालकांच्या पत्रात ती माणसं ओझरतीच येतात. वॉशिंग्टनचे स्वयंपाकी हर्क्युलीस फेब्रुवारी 1797 मध्ये पळून जाऊन स्वतंत्र झाले. जेफरसनचे जेम्स हेमिंग्स पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकून आलेले, दुसऱ्याला शिकवून तयार केलंस की सोडतो या लेखी करारावर 1796 मध्ये सुटले, आणि जाताना 20 फेब्रुवारीला त्यांनी स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी लिहून ठेवली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर तिचा फोटो आहे, तो मोठा करून बघा, टाइप केलेलं नको. सुरुवातीलाच तांब्याची 19 स्ट्यू पॅन आणि पुढे त्यांची 19 झाकणं, एकही झाकण कमी नाही.