फ्लॅपच्या ऑपरेशनआधी घरात काय तयार हवं

माझा धाकटा भाऊ आंब्यावरून पडला, तेव्हापासून त्याला छातीपासून खाली संवेदना नाही. बैठकीच्या हाडावरच्या बेडसोअरसाठी (सतत दाब पडून झालेल्या जखमेसाठी) त्याचं फ्लॅपचं ऑपरेशन, म्हणजे शेजारचं कातडी-मांस रक्तवाहिन्यांसकट सरकवून जखम झाकणं, दोनदा करावं लागलं. पहिल्या वेळी ज्या बसक्या उशीने जखम केली, तिच्यावरच आम्ही त्याला परत बसवलं आणि चार महिन्यांत फ्लॅप उघडला. म्हणून सगळ्यात आधी उशी. हवेची असेल तर तो बसलेला असताना खाली तळहात सरकवून बघा, हाड आणि उशीचा तळ यांत बोटभर अंतर हवं. भोकाची रिंग अजिबात नको.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर तपासून घ्या. जखमेतून प्रथिनं वाहून जातात. मूत्रपिंड ठीक असेल तर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. नुसत्या वरणभाताने ते भागत नाही, अंडी, मासे, पनीर, सोयाबीन रोज ताटात हवं. तंबाखू, मिश्री, विडी निदान महिनाभर आधी पूर्ण बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप त्यांच्यावरच जगतो.

हाडापर्यंत जंतू गेलेत का, हे सर्जनना विचारा. पाय झटक्याने आखडत असतील तर तेही सांगा, एका झटक्याने टाके तुटू शकतात. शौचाची वेळ आधीच बांधून घ्या, जखम शौचाच्या जागेपासून चार बोटांवर असते.

मणक्याची दुखापत टी-६ (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल तर भूलतज्ज्ञांना स्वतः सांगा. त्याला कळत नसलं तरी कापताना रक्तदाब एकदम उसळू शकतो. घरीही डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर आधी डोक्याकडची बाजू उंच करा, मग कॅथेटरची (लघवीची) नळी पिळवटलीय का बघा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

मग अंथरूण. बहुधा तीन ते सहा आठवडे बसणं बंद. पालथं झोपायची सवय आत्तापासून लावा. एअर मॅट्रेस भाड्याने मिळते, पण तिचा पंप इन्व्हर्टरवर घ्या, आमच्याकडे लाइट गेली की गादी तासाभरात बसायची. कूस बदलायला दोन माणसं पक्की करा. चादरीसकट उचलायचं, ओढायचं नाही. सर्जननी परवानगी दिली की पहिलं बसणं १५ मिनिटांचं. नंतर आडवं करून मोबाइलवर त्वचेचा फोटो काढायचा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या दिवशी परत बसवायचं नाही आणि सर्जनना फोटो पाठवायचा.