आवाजाआधी टायर बघ

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या चिपळूणच्या गॅरेजसमोर मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागायची. चाकरमानी परतीला निघालेले, डिकीत नारळ आणि तांदळाची पोती, मागे चार माणसं दाटीवाटीने, आणि सगळ्यांचं मागणं एकच, "पुढून खडखडतंय, घाट चढायच्या आधी जरा बघता का?" पावसाळ्यातल्या मुंबई-गोवा महामार्गाने येताना जे केलं, त्याचा हिशेब जाताना आमच्याकडे व्हायचा. आयटीआयला मी 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड केला होता. लोअर आर्म, टाय रॉड एंड, स्टॅबिलायझर लिंक, पुढच्या चाकांभोवतीच्या सगळ्या भागांची नावं पाठ होती आणि आकृत्याही काढता यायच्या. पण चिखलाने लडबडलेल्या गाडीखाली आडवा झालो तेव्हा यातलं काय बाद झालंय हे ओळखायला मला चांगली दोन वर्षं लागली. या कामात नव्याने येणाऱ्यांची त्यातली थोडी वाचावीत म्हणून हे लिहितोय.

नवीन मुलगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, "दादा, आवाज कुठून येतो ते कसं ओळखायचं?" मी त्याला आवाजाच्या वाटेला जाऊच देत नाही. आवाज पत्र्यातून फिरतो. डाव्या चाकाचा उजव्या पायाखाली ऐकू येतो, आणि गिऱ्हाईक तर डॅशबोर्डकडेच बोट दाखवतं. टायरवर मात्र गेल्या कित्येक हजार किलोमीटरचं लिहून ठेवलेलं असतं, आणि ते खोडता येत नाही.

टायर बघायचा म्हणजे स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायचं आणि बॅटरी मारून आतली कड बघायची. गाडी सरळ उभी असताना बाहेरची कडच दिसते, आणि कोकणात येणाऱ्या निम्म्या गाड्या टायर खातात त्या आतून. आधी डोळ्यांनी बघ, मग हात लाव. आतली कड पार झिजली असेल तर रबरातून तारा बाहेर आलेल्या असतात आणि तळहात चिरतो. माझ्या उजव्या हातावर अजून वण आहे.

तारा नसतील तर तळहात टायरवर आडवा फिरवायचा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने किसणीवर हात फिरवल्यासारखं लागलं तर टो बिघडलाय. चाक पाहिजे त्या दिशेला बघत नाही, थोडं तिरकं धरलं जातंय आणि रस्त्यावर घासत चाललंय. एकच कड झिजली आहे, पण किसणी लागत नाही, झीज गुळगुळीत आहे, तर संशय कॅम्बरवर. चाक वरून आत किंवा बाहेर कललंय. मग हात उभा फिरवायचा, टायर फिरतो त्या दिशेने. थोड्या थोड्या अंतराने उंचवटे-खोलगटे लागले तर शॉकअप मेलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. चाक रस्त्याला धरून न राहता उड्या मारतंय आणि जिथे जिथे आपटतंय तिथे रबर उडतंय.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, तर हवा कमी ठेवली जाते. मधलाच झिजला तर जास्त. यात काही शोधायचं नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर बघून टायर थंड असताना हवा भरायची. पंपवाल्याने सगळ्या गाड्यांना सरसकट ३५ मारली म्हणून आपणही मारायची नाही. खाचांमधले छोटे उंचवटे, टायरच्या कडेवरच्या टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) या अक्षरांसमोरचे, टायरच्या पृष्ठभागाला भिडले की १.६ मिमी उरले. मग टायर बदलायचाच, त्यावर चर्चा नाही. साइडवॉलवरचे चार आकडेही बघून ठेव. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. रबर म्हातारं होऊन तडकलं असेल तर झिजेचा अर्थ लावण्यात वेळ घालवू नकोस.

टोचं गणित एकदा स्वतः करून बघितलं म्हणजे तो किती पैसे खातो ते कळतं. छोट्या गाडीचं चाक साधारण ५८० मिमी व्यासाचं. एका चाकाला ३ मिमी टो चुकीचा असेल, म्हणजे त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ मिमी आत किंवा बाहेर असेल, तर दर किलोमीटरला ते चाक जवळपास ५ मीटर आडवं घासलं जातं. चिपळूणहून मुंबई अडीचशे किलोमीटर धरली तर एका फेरीत सव्वा किलोमीटर टायर आडवा ओढल्यासारखं झालं. हे गणित मी गिऱ्हाइकाला बिलाच्या कागदामागे करून दाखवतो. मग घासाघीस कमी होते.

आता टो बिघडलाय म्हणून गाडी थेट अलाइनमेंटला (मशीनवर चाकांचे कोन मोजून जुळवायला) पाठवणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मुलं करतातच. टो आपोआप बदलत नाही. एकतर कुठे ठोकर बसलीय, किंवा कुठल्या तरी जोडात खेळ (ढिलेपणा) आलाय. खेळ काढल्याशिवाय केलेलं अलाइनमेंट गॅरेजच्या दारातून बाहेर पडेपर्यंत टिकतं.

खेळ बघायला चाक उचल, घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लाव, आणि घोडी लावल्याशिवाय खाली जाऊ नकोस. जॅकवरच्या गाडीखाली हात घालणाऱ्या मुलाला आमचे उस्ताद त्या दिवसापुरतं घरी पाठवायचे. चाक घड्याळातल्या १२ आणि ६वर धरून हलव. खेळ लागला तर बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या टोकाचा गोळीचा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांग आणि पुन्हा हलव. खेळ गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटची (शॉकअप आणि स्प्रिंगच्या खांबाची) बाजू. ९ आणि ३वर हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा रॅक (स्टिअरिंगचं फिरणं त्या दांड्यांपर्यंत नेणारा भाग). पण रॅकच्या बाजूचा बारीक खेळ चाक लोंबकळत असताना कधीकधी लपतो. म्हणून गाडी चारही चाकांवर उभी करून एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगायचं आणि आपण एकेका जोडावर बोटं ठेवायची. जो बाद आहे तिथे 'खट' कानाला यायच्या आधी बोटाला लागतं.

जॅक कुठे लावतोस यावरही उत्तर बदलतं. छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, त्यात चाक लोंबकळलं की खालच्या बॉल जॉइंटवरचा भार उतरतो आणि खेळ दिसतो. इनोव्हा क्रिस्टासारख्या गाडीची स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असते. तिथे जॅक चासीला लावलास तर स्प्रिंगच्या जोराने खालचा बॉल जॉइंट ताणलेला राहतो, पार गेलेला असला तरी घट्ट वाटतो. जॅक लोअर आर्मखाली लाव, भार घे, मग हलव. मी एका इनोव्हाला असंच 'काही नाही' सांगून परत पाठवणार होतो. उस्तादांनी नुसता जॅक सरकवला आणि चाक माझ्यासमोर डोललं.

पण मला हे काम खरं शिकवलं ते गुहागर रोडला राहणाऱ्या एका मास्तरांच्या हॅचबॅकने. पुढचा डावा टायर ९,००० किलोमीटरमध्ये आतून टक्कल पडलेला. मास्तर शिस्तीचे, वर्षभरात तीनदा अलाइनमेंट करून तिन्ही कागद फायलीला लावलेले. तिन्ही कागदांवर सगळे आकडे हिरवे. मी १२-६ बघितलं, ९-३ बघितलं, कुठेच खेळ नाही. टायरच खराब निघाला असं मास्तरांना सांगायच्या बेतात होतो.

उस्ताद कागद बघून म्हणाले, "ही गाडी उभी असताना सरळ आहे. चालताना कुठाय?" मग त्यांनी टॉमी (लांब लोखंडी पहार) घेतली, लोअर आर्मच्या मागच्या बुशापाशी अडकवून दाबली, आणि आर्म बोटभर मागे सरकला. बुशाचं रबर आतून पूर्ण फाटलेलं. वरून बघितलं तर फक्त एक चीर दिसत होती, तीही चिखलाखाली. ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. धरून ठेवायला रबरच नाही म्हटल्यावर आर्म मागे जातो, टाय रॉड मात्र आहे तिथेच राहतो, आणि चाक तिरकं होतं. ब्रेक सोडला की परत जागेवर. अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीला मोजतं, त्याला हे दिसणारच नाही. मास्तरांचा रोजचा रस्ता उताराचा, वळणावळणाला ब्रेक. टायर तिथे जात होता.

नवीन आर्म मीच बसवला. बॉल जॉइंटचा बोल्ट, बुशाचे बोल्ट, सगळे जोर लावून आवळले, चाक चढवलं, गाडी खाली उतरवली, अलाइनमेंटला पाठवली. तीन महिन्यांनी मास्तर परत. त्याच बुशाला पुन्हा चीर.

माल बोगस निघाला म्हणून मी मोकळा झालो. उस्तादांनी विचारलं, "बोल्ट आवळले तेव्हा गाडी कुठे होती?" घोडीवर होती. चूक तीच. बुश म्हणजे आत एक लोखंडी नळी, बाहेर एक कडं आणि दोघांमध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पकडली जाते आणि त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो फक्त रबराच्या पिळावर. चाक लोंबकळताना आवळलं की ती लोंबकळलेली जागा रबराची 'सरळ' जागा ठरते. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं, त्यावर प्रत्येक खड्ड्याचा आणखी पीळ. म्हणून बुशाचे बोल्ट हाताने बसतील तेवढेच फिरवून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून बसू द्यायची आणि मग पिटमध्ये उतरून टॉर्क पान्याने आवळायचे. पिट नसेल तर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून गाडीचा भार घ्यायचा आणि आवळायचं. दुसऱ्या आर्मचे पैसे उस्तादांनी माझ्या पगारातून कापले नाहीत. पण चूक काय झाली हे मास्तरांना मलाच सांगायला लावलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "हे तुमच्या पुस्तकात नव्हतं का?" पुस्तकात होतं. एका ओळीत.

टाय रॉड एंड बदलायचं काम पहिल्या महिन्यात हातात येतं, कारण सोपं आहे. जुना काढायच्या आधी लॉकनट थोडासाच सैल करायचा, आणि एंड सोडवताना किती फेऱ्यांत बाहेर आला ते मोजून लिहून ठेवायचं. नवीन तेवढ्याच फेऱ्या आत घातला तर गाडी निदान अलाइनमेंटपर्यंत सरळ जाते. एंडचा निमुळता खिळा नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) गच्च बसलेला असतो. नवखा मुलगा आट्यांवर हातोडी मारतो आणि आटे चपटे करून ठेवतो. नट शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू दे आणि नकलच्या कड्यावर बाजूने ठोका मार. एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने मारलास तर दोन ठोक्यांत सुटतो. स्ट्रट सोडवताना नकल बाहेर लोंबू देऊ नकोस. ब्रेकचा होज ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटतो. तारेने बांधून ठेव.

शॉकअप जोडीने बदलायचे. एकच बदलला तर दोन बाजू वेगवेगळ्या वागतात आणि वर्षभराने तोच वाद पुन्हा. वरचं माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग त्याच वेळी बघ. स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग झटक्याने 'टण्ण' करून फिरत असेल तर बेअरिंग अडकतंय. स्प्रिंग दाबायचं काम पहिले सहा महिने एकट्याने करायचं नाही. स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचे हुक समोरासमोर, दोन्ही बाजू आलटून-पालटून, आणि तोंड कधीही स्प्रिंगच्या टोकासमोर नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती माणूस बघत नाही.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद माग. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे फक्त टो फिरवता येतो, कॅम्बर नाही. म्हणून कॅम्बर लाल दिसला आणि मशीनवाला 'चालतंय' म्हणाला तर चालत नाही. स्ट्रट, नकल किंवा आर्म वाकलाय, परत गाडीखाली जा. मागचा टायर एका बाजूने खात असेल तर मागचा बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा भाग) किंवा स्टब (चाक बसतं तो खुंट) तपास. तिथेही फिरवायला काही नसतं. ५०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून नट बघायचे आणि त्याच वेळी नव्या टायरवर हात फिरवायचा. इतक्या लवकर झीज दिसत नाही, पण किसणी लागायला सुरुवात झालेली असली तर कळते.

आमच्या गॅरेजच्या मागच्या फळीवर एक पत्र्याचा डबा आहे. नवीन मुलगा आला की मी त्याच्या हातात दोन बॉल जॉइंट देतो, एक नवा आणि एक डब्यातला, डोळे मिटून हलवायला सांगतो आणि बाद कुठला ते विचारतो. बहुतेक जण पहिल्यांदा नव्याला बाद म्हणतात, कारण नव्याला फिरवायला जोर लागतो आणि जुना लोण्यासारखा फिरतो. मास्तरांच्या गाडीचा माझ्या हातून फाटलेला बुश त्याच डब्यात आहे. तो दुसऱ्या दिवशी दाखवतो.